पावसातली सायकल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जून अर्धा सरला की या सदराच्या टपालाचा विषय आपोआप ठरतो. यंदाही बहुतेकांनी ‘रेनकोट कोणता घेऊ?’ असंच विचारलंय. आमचं मत आधीच सांगून टाकतो : सायकलवाल्याच्या पावसाळी खरेदीत रेनकोटचा नंबर चौथा. आधी मडगार्ड, मग मागचा लाल दिवा, मग कपाळावर चोच येणारी टोपी, आणि उरलेल्या पैशांत रेनकोट. खान्देशातला जुलै-ऑगस्टचा पाऊस उबदार असतो. त्यात नुसतं भिजल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चिखलाने, घामाने आणि समोरच्याला न दिसल्याने.

प्रश्न : शिरसोलीहून जळगाव एमआयडीसीत रोज सायकलने जातो. यंदा दोन हजारांचा रेनकोट घेतला. लेबलवर ‘वॉटरप्रूफ ५००० मिमी’ लिहिलंय. तरी कामावर पोचेपर्यंत शर्ट ओला होतो. दुकानदार म्हणतो, रेनकोट गळत नाही. मग पाणी येतं कुठून?
— कंपनी कामगार, शिरसोली

उत्तर : दुकानदार बहुधा खरं बोलतोय, तरी खात्री करून घ्या. खांदे, छाती आणि पाठीवर वर्तमानपत्राचे कागद ठेवून वरून रेनकोट घाला. अंगणात पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि कुणाला तरी झारीने डोक्यावरून पाणी घालायला सांगा. हालचाल नाही, म्हणजे घामही नाही. शिवणीपाशी किंवा झिपजवळ कागद ओला झाला तर रेनकोट गळतोय. सगळे कागद कोरडे निघाले तर शर्ट घामाने भिजतोय. रोजच्या फेरीनंतरही फरक ओळखता येतो. बाहेरचं पाणी शिरलं असेल तर ओल खांद्यावर, गळ्याशी आणि झिपच्या रेषेत दिसते. घाम असेल तर काखेत, पाठीच्या मधोमध आणि कोपराच्या आतल्या बाजूला.

आणखी एक वाट लोकांच्या लक्षात येत नाही. सुती शर्टाची बाही रेनकोटबाहेर बोटभर जरी डोकावत असली तरी ती वातीसारखं पाणी ओढते आणि कोपरापर्यंत भिजते. बाह्या दुमडून वर घ्या. कॉलरचंही तेच, ती आत दाबा.

आता ५००० मिमीचा अर्थ. त्या कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर ५ मीटर उंचीपर्यंत ते पाणी झिरपू देत नाही. साध्या पावसाला एवढं भरपूर झालं. पाठीवर सॅक असेल तर पट्ट्यांखाली दाब वाढतो, तिथे १०,००० चं कापड बरं. पण तुमचा प्रश्न पाणी आत येण्याचा नसून वाफ बाहेर जाण्याचा आहे. त्यासाठी महागड्या रेनकोटांवर दुसरा आकडा असतो : एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते. समजा तो ५००० आहे. म्हणजे तासाला साधारण २०० ग्रॅम. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तरी तासाला ३०० ग्रॅम. जोरात सायकल मारणाऱ्या माणसाला तासाभरात अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेतला. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर वाफ बाहेर ओढली जाते. झड लागलेल्या दिवशी जळगावात बाहेरची हवाच ओलीगच्च असते, मग वाफेने बाहेर जावं कशाला? म्हणून थंड देशांत नावाजलेलं दहा-बारा हजारांचं जॅकेट आपल्याकडे निम्मंही काम देत नाही. तुमच्या रेनकोटावर तर हा दुसरा आकडाच दिसत नाही, म्हणजे आतून कोटिंग केलेलं साधं कापड असणार.

त्यामुळे पुढचा रेनकोट आकडे बघून नको, भोकं बघून घ्या. काखेत २०-२५ सेंटीमीटरची झिप, पाठीवर झडपेखाली जाळी, आणि खालूनही उघडणारी दुहेरी झिप. मागची बाजू सीटच्या खाली उतरेल इतकी लांब हवी. हँडल धरल्यावर बाही मनगटाच्या वर सरकता कामा नये. दुकानात उभं राहून मापू नका, पुढे वाकून हात लांब करून बघा.

आत बनियन आणि सुती शर्ट घालू नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं. पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला, ऑफिसचा शर्ट पिशवीत न्या आणि पोचल्यावर पंच्याने अंग पुसून बदला. खाली रेनकोटची पँट घालण्यापेक्षा गुडघ्यापर्यंतची हाफपँट कितीतरी बरी, कारण कातडी कापडाच्या आधी वाळते. दहा मिनिटं आधी निघून सावकाश चालवलीत तर घाम लक्षणीय कमी होईल. आणि नुसती रिपरिप असेल तर रेनकोट पिशवीतच राहू द्या.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या अनेक मुली मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवर आसपासच्या गावांतून येतात. पावसाळ्यात गणवेशाच्या सलवारी पोटरीपर्यंत चिखलाने माखतात, पाठीवर चिखलाची रेघ उमटते, वह्या भिजतात. महागडी वस्तू सुचवू नका. डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा पाँचो चालेल का?
— माध्यमिक शिक्षिका, शहादा

उत्तर : खर्च जवळजवळ शून्य आहे, पण अर्धा दिवस पाना-पकड घेऊन बसावं लागेल. शाळेतच एखाद्या शनिवारी सगळ्या सायकली उभ्या करून हे काम उरकता येईल.

पायावर येणारा चिखल वरून पडत नाही, पुढचं चाक फेकतं. मडगार्ड असतं, पण त्याचं मागचं टोक जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून वर संपतं. त्याच्या खालून सुटलेलं पाणी थेट पायांवर आणि चेनवर येतं. उपाय म्हणजे रबरी पट्टी. पंक्चरच्या दुकानात ट्रक किंवा ट्रॅक्टरची बाद ट्यूब मिळते. तिचा मडगार्डपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद आणि १५ ते १८ सेंटीमीटर लांब तुकडा कापा. पट्टी मडगार्डच्या टोकावर ३ सेंटीमीटर चढवून दोन भोकं पाडा आणि ५ मिमीचे दोन नट-बोल्ट वायसर घालून आवळा. बोल्टचं चपटं डोकं चाकाच्या बाजूला आणि नट बाहेर. उलटं केलंत तर बोल्टचं टोक टायर कापेल. पट्टी जमिनीपासून ६-७ सेंटीमीटर वर राहावी. त्याहून खाली गेली तर गतिरोधकावर घासते, आणि सायकल मागे घेताना चाकाखाली सापडून मडगार्डच ओढून काढते. म्हणून रबर मऊच घ्या. प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा कडक पडतो. पाठीवरची रेघ मागच्या मडगार्डच्या वरच्या टोकामुळे येते. ते सीटच्या नळीपासून सुटलेलं किंवा वाकलेलं असेल तर नुसतं आवळून भागतं.

पाँचो चालेल, आणि आपल्या हवेला तो रेनकोटपेक्षा बरा, कारण खालून वारा खेळतो. आपल्याकडे शेतात पोत्याची खोळ वापरतात तिचं काम याच तत्त्वावर चालतं. पण सायकलवर तीन गोष्टी पाहायच्या. पुढच्या कडेला आतून नाडीचे दोन फास शिवून घ्या. ते अंगठ्यांत अडकवले की पुढचा भाग हँडलवर पसरून राहतो आणि मांड्या कोरड्या राहतात. मागचा भाग आतून कमरेला नाडीने बांधा, नाहीतर तो आऱ्यांत जातो. ओढणी पाँचोच्या आत कमरेला गाठ मारून घ्यायची, हे तर रोज सांगावं लागेल. आणि सारंगखेड्याच्या तापी पुलासारख्या उघड्या ठिकाणी आडवा वारा असेल तर खाली उतरून चालत जायचं. पाँचोत वारा भरला की हलक्या मुलीची सायकल सरळ राहत नाही. रंग पिवळा किंवा केशरी घ्या. काळा आणि खाकी नको.

दप्तरावर बाहेरून कव्हर घालण्याचा उपयोग कमी. पाठीकडची बाजू उघडी राहते आणि आत गेलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साचून वह्या त्यातच बसतात. दप्तराच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, त्यात वह्या ठेवा, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. दप्तर पाठीवर न घेता कॅरियरवर बांधलं तर पाठही घामेजत नाही.

प्रश्न : आमना गावना रस्ता म्हंजे निस्ती कायी माती शे, भाऊ. मडगार्डमा गारा भराई जास नि चाक फिरत नही. मडगार्ड काढी टाकू का?
— शेतकरी, पारोळा तालुका

उत्तर : शेतरस्त्यापुरतं काढा, डांबरी रस्त्यावर पुन्हा लावा. दोन्हींची गरज वेगळी आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, आणि ती सगळ्यात जास्त चिकटते ती अर्धवट ओली असताना. धो-धो पाऊस चालू असताना रस्ता निसरडा होतो, पण गारा, म्हणजे चिखल, पातळ राहून निथळतो. पाऊस थांबल्यानंतरचे काही तास सगळ्यात वाईट. म्हणून जायचंच असेल तर भर पावसात निघा, नाहीतर चांगलं ऊन पडून वर पापुद्रा धरेपर्यंत थांबा.

गारा भरतो तो तीन ठिकाणी : पुढच्या फोर्कच्या माथ्याखाली, मागे ब्रेकच्या आडव्या नळीखाली आणि पायडलच्या धुरीमागच्या फटीत. टायर आणि मडगार्ड यांमध्ये बोटभर जागा डांबरी रस्त्याला पुरते, काळ्या मातीला दोन बोटंही कमी पडतात. मडगार्डच्या तारा थोड्या बाहेर सरकवून जागा वाढवता येते का ते बघा. आतून जुन्या तेलाचा हात फिरवला तर गारा चिकटतो पण लवकर सुटतोही. रिमवर मात्र तेलाचा थेंब जाऊ देऊ नका. गाठी-गाठींचं जाड टायर माती जास्त उचलतं. जुन्या २८ इंची सायकलचं अरुंद टायर इथे उलट कामाला येतं, रुतलं तरी कमी भरतं.

चाक जड झालं की जोर लावू नका. मडगार्डची तार वाकून आऱ्यांत शिरते आणि पुढचं चाक असेल तर माणूस हँडलवरून जातो. उतरा, बांधाच्या गवतावरून सायकल ढकला आणि काडीने गारा काढा. एक जुना आरा टोकाला वाकवून हँडलला बांधून ठेवा. बोटं जात नाहीत तिथे तो जातो.

प्रश्न : पहाटे साडेचारला पेपरचे गठ्ठे घेऊन निघतो. चमकदार हिरवं जॅकेट घातलं तरी ट्रकवाले अगदी जवळ येईपर्यंत बघत नाहीत असं वाटतं. जॅकेटात खोट आहे का?
— वृत्तपत्र विक्रेता, नंदुरबार

उत्तर : जॅकेटात खोट नाही, वेळेत आहे. तो भडक पोपटी रंग सूर्याच्या अतिनील किरणांमुळे उजळ दिसतो. ढगाळ दिवसाही तो उत्तम काम देतो, पण अंधारात ते किरणच नसतात. हेडलाइटमध्ये तो साध्या फिक्या कपड्याइतकाच दिसतो. रात्री लागते ती परावर्तक पट्टी, म्हणजे आलेला उजेड परत त्याच दिशेला पाठवणारी करडी-चंदेरी पट्टी. ती पाठीवर असली तर चांगलीच, पण घोट्यांवर बांधली तर अधिक चांगली. वर-खाली होणारा ठिपका लांबूनही ‘सायकल’ म्हणून ओळखू येतो. पायडलच्या कडांना पिवळे परावर्तक असतात, त्यांच्यावरचा चिखल रोज पुसा. पट्टी चिखलाने माखली की तिचा उपयोग संपला.

परावर्तकाला समोरून उजेड पडावा लागतो. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून दिवा हवाच : पुढे पांढरा, मागे लाल. दिव्याच्या खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी तो सोसतो आणि पावसाला ते पुरतं. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल झालं असेल तर दोन्ही आकड्यांना अर्थ उरत नाही. दिवा असा लावा की ते भोक खाली येईल.

पावसाळ्यात सर्रास दिसणारी एक गोष्ट : रेनकोटची मागची बाजू लोंबून सीटखालचा लाल दिवा झाकून टाकते आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. तुमच्याकडे तर कॅरियरवर गठ्ठेही आहेत. दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर घ्या, आणि एकदा कुणाला तरी सायकलवर बसवून, रेनकोट घालायला लावून पन्नास पावलांवरून मागून बघा.

प्रश्न : चष्म्यावर पाणी साचतं, काढला तर दिसत नाही. हेल्मेटच्या भोकांतून पाणी गळतं ते वेगळंच.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : हेल्मेटखाली पातळ कापडाची, पुढे कडक चोच असलेली टोपी घाला. पडणारं बरंचसं पाणी चोच अडवते आणि मान जरा खाली केली की काच जवळजवळ कोरडी राहते. टोपी जाड असेल तर हेल्मेट वर बसतं. पट्टा पुन्हा मापून घ्या. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल.

काचेवर आतून धुकं धरत असेल तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब ओल्या बोटाने चोळा, हलक्या हाताने पाण्यातून काढा आणि न घासता वाळू द्या. काचेवर खास लेप असेल तर आधी चष्मेवाल्याला विचारा. सिग्नलला थांबल्यावर धुकं धरणारच, तेव्हा चष्मा नाकावर थोडा पुढे ओढा. हेल्मेटवर अंघोळीची प्लास्टिक टोपी चढवणारे दिसतात. पाणी थांबतं, पण डोकं उकडतं. आम्ही तरी भोकं उघडी ठेवू.

प्रश्न : ड्युटीला चामड्याचे बूट लागतात. सायकलवर जाताना भिजले की दोन दिवस वाळत नाहीत, पायांना कंड सुटते.
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : बूट आणि मोजे पिशवीत न्या. सायकलवर मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घाला. साधी चप्पल नको. ती ओल्या पायडलवरून घसरते आणि पाय पुढच्या चाकाकडे जातो. पायडल गुळगुळीत प्लास्टिकचे असतील तर खाचांचे रबरी किंवा दातेरी पत्र्याचे बसवून घ्या. पावसाळ्यातल्या कपड्यांवरच्या खर्चाइतकाच हा खर्च मोलाचा.

बूट घालूनच जायचं असेल तर एवढं लक्षात घ्या की बुटात पाणी तळातून नाही, घोट्यापासून ओघळून शिरतं. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून खाली आली पाहिजे आणि चेनच्या बाजूचा पाय रबरी पट्ट्याने आवळलेला हवा. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी घालून वर बूट ही युक्ती एका फेरीपुरती ठीक आहे, दिवसभर नाही. पाय आत घामाने शिजतो.

भिजलेला बूट वाळवताना आतलं पातळ सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद ठासून भरा, तासा-दीड तासाने बदला, झोपताना तिसऱ्यांदा. पंख्याखाली ठेवा. चुलीशी किंवा कडक उन्हात ठेवलात तर चामडं तडकतं आणि तळाचा डिंक सुटतो. कंडेबद्दल : पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि सुकल्यावरच मोजे घाला. कातडी पांढरी पडून सोलत असेल तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. पायाला जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावल्याशिवाय साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने अंगात जातात.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण ऑगस्टमध्ये शहाद्याहून तोरणमाळला सायकलने जाणार आहोत. घाटात पाऊस आणि धुकं असेल. कपडे आणि सायकल यांची तयारी कशी करावी?
— सायकलप्रेमी, धुळे

उत्तर : वर सांगितलेलं ‘भिजलं तरी चालतं’ हे सूत्र इथे अर्धंच लागू आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. चढताना त्याचा त्रास नाही, उलट बरं वाटतं. त्रास उतरताना. घामाने आणि पावसाने ओलं अंग, पायडल मारणं बंद आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा. बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत, खरा धोका तो.

म्हणून चढताना कमीत कमी कपडे. रेनकोट गुंडाळून ठेवा. वर पोचल्यावर ओला टी-शर्ट काढा, अंग पुसा, पिशवीत कोरडा ठेवलेला टी-शर्ट घाला आणि मग रेनकोट चढवून झिप गळ्यापर्यंत लावा. हा कोरडा टी-शर्ट सगळ्या सामानातला सगळ्यात महत्त्वाचा. पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे ठेवा. ते भिजले तरी वारा अडवतात. कुणी विसरलाच, तर छातीवर रेनकोटच्या आत वर्तमानपत्राची दुहेरी घडी घालून द्या.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पहिली दाब फक्त पाणी पुसण्यात जाते, पकड नंतर येते. वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्या, मग दाबा. जुन्या सायकलींच्या चकचकीत स्टील रिमवर ओल्यात ब्रेक फारच कमी लागतो. तसल्या सायकलने पावसात घाट उतरू नये, स्पष्टच सांगतो. अॅल्युमिनियमची रिम बरी, डिस्क त्याहून बरी. निघण्यापूर्वी ब्रेकचं रबर तपासा : खाचा दिसत नसतील तर बदला, आत रुतलेले वाळूचे कण आणि धातूचे चुरे सुईने काढा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा. ते कण राहिले तर एका ओल्या घाटात रिमवर रेघा पडतात.

टायरची हवा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय कमी ठेवा. वळणावर पांढऱ्या पट्ट्या, शेवाळ आणि मोरीवरचे लोखंडी पत्रे टाळा. टाळता आले नाहीत तर त्यांच्यावर ब्रेकही नको, वळणही नको. बरेच दिवस उघडीप असेल आणि अचानक सर आली तर पहिली दहा-पंधरा मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा, कारण साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. धुक्यात दोघांमध्ये तीन-चार सायकलींचं अंतर ठेवा. शेवटच्या माणसाचा दिवा सगळ्यांत प्रखर हवा, लुकलुकणारा नाही तर स्थिर. लुकलुकत्या दिव्याचं अंतर धुक्यात कळत नाही. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गढूळ पाण्याखाली फरशीची कड किंवा पडलेला खड्डा दिसत नाही, आणि गुडघ्याएवढी धारसुद्धा माणसाला सायकलसकट ओढते.

प्रश्न : गेल्या वर्षीचा रेनकोट माळ्यावरून काढला तर आतून चिकट झालाय, पांढरे पापुद्रे सुटतात, आंबूस वास येतो. दुरुस्त होईल का?
— वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. नायलॉनच्या आत पॉलियुरेथेनचा थर असतो, दमटपणा आणि उष्णता यांनी त्याचं विघटन झालंय. एकदा चिकट झाला की कुठलाही स्प्रे तो परत आणत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच : पाऊस संपल्यावर ओलसर घडी घालून पत्र्याच्या माळ्यावर टाकला आणि आपला मे महिना ४४-४५ अंशांचा. पीव्हीसीचा जाड रेनकोट अशाने एकमेकाला चिकटतो किंवा घडीवर तडकतो.

पुढच्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरात सौम्य साबणाने हाताने धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने पाणी झटकणारा लेप मरतो. दोन दिवस सावलीत उलट-सुलट वाळवा आणि हँगरला टांगून कपाटात खालच्या बाजूला ठेवा. पीव्हीसीवर आतून टाल्कम पावडर भुरभुरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं.

कापड चांगलं असून फक्त शिवणी गळत असतील तर फेकू नका. शिवण आतून स्पिरिटने पुसा, शिवणीचं पारदर्शक सीलर ब्रशने दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर जाईल असं लावा, रात्रभर वाळू द्या. सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचंच सीलर लागतं, दुसरं धरत नाही. आणि पाण्याचे थेंब घरंगळण्याऐवजी कापडात पसरायला लागले तर आधी धुऊन बघा, मळानेही तसं होतं. मग लेबलवर परवानगी असेल तरच वर सुती कापड ठेवून अगदी कमी गरम इस्त्री फिरवा. लेप पुष्कळदा पुन्हा जागा होतो.

प्रश्न : संध्याकाळी पावसातून येतो, सकाळी चेन तांबूस. शिलाई मशीनचं तेल रोज घालतो तरी तेच.
— वाचक, अमळनेर

उत्तर : ते तेल पातळ आहे, एका पावसात धुऊन जातं. ग्रीसही नको, त्यात रेती बसून चेनच घासली जाते. ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर नवं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल. गाडीतून काढलेलं काळं तेल वापरू नका, त्यात धातूचा कीस असतो.

घरी आल्यावर चेन आणि रिमवर तांब्याभर साधं पाणी ओता. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने धुतली तर पाणी हबमध्ये आणि पायडलच्या धुरीत शिरून ग्रीस काढतं. जुन्या बनियनच्या तुकड्यात चेन धरून पायडल उलटे वीस-पंचवीस वेळा फिरवा. कोरडी झाली की प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. तेल कडीच्या आत हवं. बाहेर राहिलेलं फक्त माती धरतं. आठवड्यातून एकदा सीटची नळी काढून सायकल उलटी करा. आत साचलेलं पाणी बघून आश्चर्य वाटेल.

पावसाळ्याच्या शेवटी चेन मापा. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. ३०७ झाल्या की चेन बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दात खाते आणि खर्च दुप्पट होतो.

थोडक्यात

एका हाताने छत्री धरून चालवावी का? (रावेर) — नको. उरलेल्या हाताने एकच ब्रेक दाबता येतो आणि तो पुढचा असला तर ओल्या रस्त्यावर चाक घसरतं. वाऱ्याने छत्री उलटली की ती पकडायला दुसरा हातही जातो.

मोबाइल हँडलवर लावला तर पावसात आपोआप बटणं दाबली जातात. (जळगाव) — थेंबांनाही पडदा बोट समजतो. झिपच्या दुहेरी पिशवीत घालून खिशात ठेवा, रस्ता आधी बघून घ्या. चार्जिंगच्या भोकात ओल असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

रबरी टायरमुळे सायकलवर वीज पडत नाही, हे खरं का? (यावल) — खोटं. ढगापासून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला बोटभर रबराची अडचण नाही. कडकडाट सुरू झाला की पक्क्या इमारतीत जा. लखलखाट आणि आवाज यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर लगेच. एकट्या झाडाखाली किंवा मोकळ्या रानातल्या पत्र्याच्या खोपीत थांबू नका. काहीच आसरा नसेल तर सायकल सोडून दूर व्हा, दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावर निघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडत असल्याचा इशारा देतं. शिवारातून जाणाऱ्यांनी ते मोबाइलवर घेऊन ठेवावं.